पायथ्याची पडवी

रायगडाला निघालेला कुणीही भेटला की माझी आजी आधी एकच विचारायची, “वस्तीला कुणाकडे?” किती जण जाताय, कसे जाताय, काय काय बघणार, हे सगळं नंतर. रात्र कुठे काढायची हे ठरलं नसेल तर माणूस अजून घरातून निघालेलाच नाही, असं तिचं मत होतं. तसा तिला अधिकारही होता. तिचं माहेर कोंझर आणि पाचाडच्या मधल्या एका वाडीत, गडाच्या वाटेवरच. लग्न होऊन ती महाडला आली. आजोबा पेठेतल्या एका भुसारी दुकानात दिवाणजी होते. संसार सगळा महाडात झाला, पण बोलायला बसली की आजी माहेरच्या पडवीवर जाऊन पोचायची.

ती पडवी मी पाहिली आहे. कौलारू घर, कारवीच्या कुडाच्या भिंती, आणि समोर घराच्या लांबीइतकी शेणाने सारवलेली पडवी. एका टोकाला जातं आणि उखळ. दुसऱ्या टोकाला भिंतीशी रचलेली घोंगड्यांची चळत. घरच्या माणसांची अंथरुणं-पांघरुणं माजघरात असत. बाहेरची चळत वाटसरूंची. तिच्या शेजारी पाण्याचा रांजण, वर झाकण, झाकणावर पितळी तांब्या. त्या रांजणातलं पाणी सकाळ-संध्याकाळ बदलणं हे लहानपणी आजीचं काम होतं आणि विहीर उतारावर होती. पाहुणा अंगणात आला की आधी गूळ-पाणी, मग पाय धुवायला कढत पाणी. गड उतरून आलेला असेल तर त्या पाण्यात मूठभर मीठ टाकायचं. चढताना दम लागतो, पण उतरताना पोटऱ्या भरतात आणि गुडघे बोलू लागतात, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कांदा. पावसाळ्यात टाकळ्याची नाहीतर कुर्डूची भाजी. भात पिकला त्या वर्षी भात.

याचे पैसे घेत नसत. गडाला आलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा पणजोबांचा दंडक. मग लोक निघताना काहीतरी ठेवून जात. कुणी काड्यापेटी, कुणी मिठाची पुडी, कुणी पोरांच्या हातावर खडीसाखर. आणि सगळेच जण गोष्टी ठेवून जात. त्या गोष्टी आजीने ऐकल्या, आजीकडून आम्ही ऐकल्या. गडावर काय घडलं ते पुढे मी पुस्तकांतून वाचलं, पण गडाखाली काय घडत आलं ते मला या पडवीने सांगितलं. आणि आता एवढ्या वर्षांनी मला वाटतं की रायगड ज्यांनी जिवंत ठेवला त्यांत या पायथ्याच्या घरांचा वाटा फार मोठा आहे. त्यांची नोंद आपण घेतली पाहिजे, आणि ती घेण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तिथे एक रात्र राहणं.

आजीच्या सांगण्यात पाचाडची पहिली आणि थोरली वस्ती जिजाऊ मासाहेबांची. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि चंद्रराव मोऱ्यांच्या ताब्यातली रायरी, म्हणजे आजचा रायगड, स्वराज्यात आली. पुढे राजधानीसाठी तीच जागा निवडली गेली. हिरोजी इंदुलकरांनी वर वाडे, तलाव, बाजारपेठ, मंदिर उभं केलं. जगदीश्वराच्या पायरीवर सेवेच्या ठायी तत्पर असलेल्या हिरोजींचं नाव आजही पायाखाली येतं. राजा वर राहायला गेला, पण राजाची आई खाली राहिली. गडमाथ्यावरचा थंड वारा मासाहेबांना सोसेना, म्हणून महाराजांनी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. त्या वाड्याचा तट, जोती, दगडी बांधीव विहिरी आजही आहेत. त्यांतल्या एकीला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर बसायला दगडी बैठक आणि पाठ टेकायला दगडाचाच घडवलेला तक्क्या. मासाहेब तिथे बसून पाण्याला आलेल्या बायकांशी बोलत, त्यांची गाऱ्हाणी ऐकत, अशी तिथली आठवण आहे.

मी त्या तक्क्याला पाठ लावून बसलो आहे. दगड उन्हात तापलेला असला तरी पाठीला नेमका लागतो. ज्याने तो घडवला त्याने बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता. समोर विहीर, मागे वाड्याचा तट, आणि मान वर केली की कातळाचा उभा कडा. इथे बसलं की गडाची उंची जितकी कळते तितकी वर उभं राहून कळत नाही. मासाहेबांनी सुपुत्राचा राज्याभिषेक पाहिला तो ६ जून १६७४ ला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर पाचाडातच त्यांनी देह ठेवला. समाधी गावातच आहे. आजी रायगडाला जाणाऱ्या प्रत्येकाला बजावायची, “आधी आईच्या पाया पडा, मग लेकाकडे जा.” आमच्या घरात हा क्रम अजून मोडलेला नाही.

राज्याभिषेकाच्या त्या उन्हाळ्यात पाचाडला उतरायला जागा शोधणाऱ्यांची केवढी गर्दी उसळली असेल! काशीहून गागाभट्ट आलेले, ठिकठिकाणचे ब्राह्मण कुटुंबकबिल्यासह आलेले, सरदार, कारकून, वैद्य, आचारी, हत्ती-घोडे सांभाळणारे. या गर्दीतल्या एका पाहुण्याची गोष्ट आजोबा रंगवून सांगायचे. तो म्हणजे हेन्री ऑक्झेंडन, मुंबईकर इंग्रजांचा वकील. राज्याभिषेकाच्या निमित्ताने नजराणा घेऊन यायचं आणि व्यापाराचा तह पदरात पाडून घ्यायचा, या कामावर तो मे १६७४ मध्ये निघाला. मुंबईहून पाण्याने चौलला पोचेपर्यंत रात्र झाली आणि शहराचे दरवाजे बंद. चौल तेव्हा पोर्तुगिजांकडे. मग ती रात्र वेशीबाहेरच्या चर्चमध्ये काढावी लागली. पुढे अष्टमी, निजामपूर करत मंडळी पाचाडला आली, तर महाराज गडावर नाहीत! प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेलेले. महाराजांच्या दरबारातल्या निराजी पंतांनी वकिलाची विचारपूस केली, पण वर जायची आज्ञा येईपर्यंत पायथ्याशीच थांबणं भाग होतं. इंग्रजांनी पाचाडला तंबू ठोकले.

मे महिना, कोकणातला उकाडा, त्यात तंबूतला मुक्काम. काही दिवसांनी महाराज परतले आणि वर घर नेमून दिल्याचा निरोप आला. दुपारी तिनाच्या सुमाराला निघालेला ऑक्झेंडन दिवस मावळताना माथ्यावर पोचला. राजवाड्यापासून मैलभर अंतरावर त्याला घर मिळालं आणि ते पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. राज्याभिषेकाच्या दिवशी राजद्वारी दोन हत्ती आणि दोन पांढरे घोडे उभे पाहून, इतक्या अवघड वाटेने ही जनावरं वर आली कशी, याचं त्याला नवल वाटलं. आज पायऱ्या चढताना आपल्यालाही तेच वाटतं.

आजोबांना या गोष्टीत सगळ्यात आवडायचा तो खाटीक. गडावर पाहुण्यांचा पाहुणचार खिचडीवर चालला होता. तूप सोडलेली डाळ-तांदळाची खिचडी. मांसाला चटावलेल्या इंग्रजांना ती दिवसेंदिवस गोड लागेना. त्यांनी बकऱ्याची मागणी केली आणि ती पुरीही झाली. गडाला मांस पुरवणारा खाटीक म्हातारा होता आणि त्याला इतकं मोठं गिऱ्हाईक वर्षानुवर्षांत मिळालेलं नव्हतं. रोज अर्धा बकरा फस्त करणारी ही माणसं आहेत तरी कशी, हे डोळ्यांनी बघायला तो म्हातारा एवढा गड चढून वर गेला! आजोबा इथे थांबत आणि म्हणत, “बघ, गडावर गेलेल्या सगळ्यांची नावं इतिहासात आहेत, या म्हाताऱ्याचं नाही. पण पाहुण्याला काय लागतं, हे त्याने बघितलं.” पुढे जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मी ही हकीकत वाचली, तेव्हा आजोबांनी तिला फारसं तिखटमीठ लावलेलं नव्हतं हे कळलं. महाडच्या वाचनालयात कुणीतरी मराठीतून वाचून दाखवलेलं त्यांनी पन्नास वर्षं नीट जपून ठेवलं होतं.

आजीची आवडती गोष्ट मात्र हिरकणीची. ती आपण सगळे पाठ्यपुस्तकात शिकलो. गडाखालच्या वाडीतली गवळण, कोजागिरीला दूध घालायला वर गेलेली, उशीर झाला आणि तोफ होऊन दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. ती उभा कडा उतरून गेली; महाराजांनी तिचा खण-चोळीने सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचं नाव दिलं. कागदपत्रांत या कथेला आधार नाही, पण पायथ्याच्या प्रत्येक घरात ती आहे. आजीच्या तोंडी तिच्यात एक जागा अशी यायची जी मला पुस्तकात कधी सापडली नाही. ती म्हणायची, “वर धनगरांची घरं होती. कोण ठेवून घेतलं नसतं तिला? दोन घास मिळाले असते, अंगावर घोंगडं मिळालं असतं. तिला वस्ती मिळत नव्हती म्हणून नाही गेली ती. वस्ती मिळत असून गेली.” आजीला गडावरच्या माणसांचा पाहुणचार गृहीतच होता. दरवाजा बंद झाला म्हणजे आत अडकलेला माणूस उघड्यावर राहील, हे तिच्या कल्पनेतही बसत नव्हतं. गडमाथ्यावर धनगरांची घरं पिढ्यान् पिढ्या राहिली. दही-ताक विकून, जनावरं राखून त्यांनी वरचे ऊन-पाऊस काढले, आणि वाट चुकलेल्या किती जणांना त्यांच्या चुलीजवळ जागा मिळाली याला गणती नाही.

मग गडाचे दिवस फिरले. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला, पुढे मराठ्यांकडे परत आला, आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने वेढा घालून तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावरच होत्या. वर आग लागली, वाडे जळाले, गड पडला. त्यानंतर कित्येक वर्षं वर राबता उरला नाही. पायऱ्यांतून झाडं उगवली, तलावात गाळ साचला. आजीच्या आजोबांच्या काळात गडावर जायचं म्हणजे गुरं शोधायला नाहीतर शिरकाईला नवस फेडायला, असं ती सांगायची. शिरकाई ही गडदेवता. राजधानी मोडली, पण देवीचं जाणं-येणं कुणाला मोडता आलं नाही.

लोक पुन्हा येऊ लागले ते हळूहळू. जोतीराव फुले येऊन गेले. छत्रपतींवरचा त्यांचा पोवाडा १८६९ चा. मग टिळकांनी केसरीतून गडावरच्या महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं, जीर्णोद्धारासाठी फंड सुरू झाला आणि एप्रिल १८९६ मध्ये गडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. या उत्सवाची आठवण आमच्या पडवीवर होती. पणजोबा तेव्हा लहान होते. मुंबईची मंडळी आगबोटीने बाणकोटला उतरत, तिथून सावित्रीच्या खाडीतून होडीने दासगाव-महाड, आणि महाडहून पायी नाहीतर बैलगाडीने कोंझरच्या वाटेने वर. पंचवीसेक किलोमीटरची वाट. पागोटी, उपरणी, टोप्या घातलेली इतकी माणसं आपल्या दारावरून जाताना वाडीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बायकांनी घरातले होते नव्हते ते हंडे भरून वाटेवर मांडले. रात्री पडवी भरली, अंगण भरलं, खळ्यावरही माणसं झोपली. पणजोबांच्या वडिलांनी त्या रात्री गोठ्यातली गुरं बाहेर बांधली आणि गोठा झाडून पेंढा पसरला. “त्या दिवसापासून आपली पडवी वाटसरूंची झाली,” असं पणजोबा सांगत. वाटसरूंची घोंगडी वेगळी ठेवायची रीत तेव्हापासूनची.

इथपर्यंत आजीच्या आवाजात अभिमान असे. पुढचं सांगताना तो खाली येई, पण ती ते वगळत नसे. पडवीवर सगळे येत असत, पण सगळे बसत नसत. महारवाड्यातून आलेल्या वाटसरूला पाणी वरून ओतलं जाई. त्याचं घोंगडं अंगणाच्या पलीकडे. रांजणाला हात लावायची त्याला मुभा नव्हती, तो रांजण भरणारी पोर जेमतेम आठ-दहा वर्षांची असली तरी तिला हा नियम पाठ होता.

रायगडाच्या वाटेवरचं महाड याच प्रश्नावर पेटलं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. बाबासाहेब त्या वेळी महाडच्या डाक बंगल्यात उतरले होते. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तर मांडव घालायला जागा कुणी देईना. फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. गावातले दुकानदार माल विकणार नाहीत हे ओळखून धान्य-सामान बाहेरून आणावं लागलं. आजोबा ज्या पेठेत काम करत तीच ही पेठ. त्यांनी ते दिवस पाहिले होते, आणि म्हातारपणी त्याबद्दल बोलताना ते फक्त एवढंच म्हणत की तराजू सगळ्यांना सारखा असायला हवा होता. परिषद संपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगडावर गेले. ज्या राजाच्या गडाकडे आपला म्हणून पाहायचा त्यांना पुरा हक्क होता, त्या गडाच्या वाटेवर किती दारं त्यांच्यासाठी उघडी असतील, याचा विचार करताना मला आमचीच पडवी आठवते. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्या सोबत्यांना कसा त्रास झाला, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. किल्ला बघू दिला तोही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर शिपाई देऊन. किल्ल्याजवळ मुक्काम शोधण्याचा इतिहास लिहायचा तर हे पान त्यात पहिल्या पानांत आलं पाहिजे.

आजीने आपल्या परीने त्याचं काहीतरी केलं. महाडच्या आमच्या घरात पाण्याचा माठ दाराबाहेर असायचा, त्यावर तांब्या, आणि तो कुणीही घ्यायचा. शेजारच्या बायका कुजबुजायच्या. आजी म्हणायची, “माझ्या माहेरी राहिलंय ते मी इथं करते.”

माझ्या आठवणीतला रायगड एसटीपासून सुरू होतो. महाडहून संध्याकाळी सुटणारी वस्तीची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत न्यायचे, म्हणून ती वस्तीची. तिच्यात बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, टोपल्या, कोंबड्या, आणि पाठीवर पिशव्या घेतलेले पुण्या-मुंबईचे पोरगे. ओळखपाळख नसलेल्या त्या पोरांना उतरायच्या आत कुणीतरी विचारलेलं असायचं, “वस्तीला कुणाकडे?” आणि कुणाकडेच नाही म्हटलं की लगेच, “मग चला.” गो. नी. दांडेकरांसारखी माणसं आयुष्यभर या गडांवरून हिंडली, रायगडावर तर वारीला यावं तशी येत राहिली, ती या ‘मग चला’च्या भरवशावर. त्यांच्या लिहिण्याने एक अख्खी पिढी गडांकडे वळली. तिला रात्री निजवलं ते अशा घरांनी, देवळांच्या ओवऱ्यांनी आणि गडावरच्या धर्मशाळेने. राजगडावर पद्मावतीचं देऊळ, हरिश्चंद्रगडावर गुहा, रायगडावर धर्मशाळा नाहीतर धनगरवाडा: ही मुक्कामांची नावं त्या पिढीला गडांच्या दरवाज्यांइतकीच पाठ होती.

१९९६ मध्ये हिरकणीवाडीतून रज्जुमार्ग सुरू झाला. हजार-पंधराशे पायऱ्यांची चढण चार-पाच मिनिटांवर आली. माझी आजी तेव्हा गुडघ्यांनी जायबंदी झालेली. आम्ही तिला पाळण्यातून वर नेलं. होळीच्या माळावर शिरकाईसमोर तिने ओटी भरली आणि समाधीपाशी बराच वेळ हात जोडून बसली. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी ही सोय झाली याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट बदलली. सकाळी मुंबईहून निघायचं, पाळण्याने वर, दोन तासांत राजसभा-बाजारपेठ-समाधी, पाळण्याने खाली आणि रात्रीच्या आत घरी. पायथ्याच्या गावातून मोटार जाते, पण थांबत नाही. गावाला मिळतो तो धुरळा, रिकाम्या बाटल्या आणि हॉर्न.

म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो की रायगडाला जायचं तर आदल्या संध्याकाळी पाचाड, रायगडवाडी, हिरकणीवाडी या परिसरात पोचा आणि तिथल्या घरात राहा. सोय आज पुष्कळ आहे. कोकण रेल्वेचं वीर स्थानक महाडजवळ आहे, मुंबई-गोवा महामार्ग महाडवरून जातो, महाडहून एसटी आणि रिक्षा मिळतात. जागोजागी ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशा पाट्या आहेत. पाचाडात मी ज्या काकूंकडे उतरतो त्यांना दोन दिवस आधी फोन करावा लागतो. फोनवर त्या भाड्याचं शेवटी बोलतात. आधी विचारतात, माणसं किती, उपास कुणाचा, लहान मूल आहे का, म्हातारं कुणी आहे का. म्हातारं असेल तर खोली खालची, मूल असेल तर रात्रीचा भात मऊ. पोचल्यावर लोटाभर पाणी येतं, आणि पायाला गरम पाणी हवं का, असं त्या अजून विचारतात. जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, लसणीची चटणी, सांगितलं असेल तर गावठी कोंबडी. अंथरुणं जाड आणि धुतलेली. त्यांच्याकडे एक शंभरपानी वही आहे. तिच्यात आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, तारीख, आणि पुढे एका ओळीत काकूंनी स्वतः लिहिलेलं काहीतरी: ‘बाबा ऐंशी वर्षांचे, पायी चढले’. ‘मुलगी रडली, उतरताना हसली’. ‘परदेशातले, मराठी बोलत होते’. जुन्या वह्या त्यांनी टाकलेल्या नाहीत, ट्रंकेत आहेत. वहीत जातीचा रकाना नाही आणि पाण्याचा फिल्टर सगळ्यांना एकच आहे. आजीने हे पाहिलं असतं तर तिला फार बरं वाटलं असतं.

पहाटे उजाडायच्या आत काकू चहा देतात. त्या वेळी निघालात तर चित्त दरवाज्याच्या वाटेने ऊन अंगावर यायच्या आत महादरवाजा गाठता येतो. त्या दरवाज्याचे दोन प्रचंड बुरूज वळणाआड दडलेले असतात, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. पायी चढून आलेल्यालाच हिरोजींची ती करामत कळते. वर गंगासागर, मनोरे, राजसभा, नगारखाना, बाजारपेठ, टकमक टोक, जगदीश्वर आणि समाधी नीट पाहायला अख्खा दिवस लागतो. ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक सोहळा असतो. तेव्हा पायथ्याची गावं ओसंडून वाहतात, त्यामुळे आधी ठरवल्याशिवाय निघू नका. मुसळधार पावसात पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे येतात. त्या दिवसांत गावातल्या माणसाने थांबा म्हटलं तर थांबा. पहिल्यांदाच जात असाल तर दिवाळीनंतरची थंडी उत्तम.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत रायगड आहे. आता माणसं आणखी येतील, दूरदूरच्या देशांतून येतील, आणि राहायला जागा विचारतील. मोठी हॉटेलं बांधायला भांडवलवाले लगेच पुढे होतील. माझं मागणं एवढंच आहे की पाहुण्याच्या राहण्या-जेवणाचा पैसा आधी या घरांत जावा. इथल्या बायकांना चार खोल्या बांधायला, संडास-बाथरूम करायला, पाण्याची टाकी बसवायला कर्ज सहज मिळावं. इथल्या मुलांना गड समजावून सांगायचं नीट शिक्षण मिळावं, म्हणजे त्यांना मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही. आणि पाचाडच्या शाळेतल्या मुलांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना बसवून, आपल्या पडवीवर कोण कोण राहून गेलं, ते लिहून काढावं. राजांच्या बखरी झाल्या, सरदारांच्या कैफियती झाल्या. गडाला आलेल्या माणसाला ज्यांनी पाणी दिलं आणि घोंगडं दिलं, आणि ज्यांना ते नाकारलं गेलं, त्या दोघांचंही लिहून व्हायचं राहिलं आहे. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. तेव्हा तुम्ही गेलात की भाडं न घासता द्या, जेवण झाल्यावर अर्धा तास अंगणात बसा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमच्याकडे पहिला वाटसरू कोण आला होता. ते सांगतील ते वहीत उतरवून घ्या, आणि ती वही त्यांच्याच घरी ठेवून या.